बोर्डावर लागलं म्हणजे कळलं

मी ज्या ऑफिसात काम करतो तिथं रोज पोट्टे-पोट्ट्या येतात अन् दारातच मले इचारतात, "काका, काय निघालं?" म्हणजे कोणती भरती निघाली, कोणतं ट्रेनिंग निघालं, कोण्या फॉर्मची तारीख जाऊन राहिली. जवान पोट्ट्याईले रस्ता दाखवायचं सरकारी केंद्र आहे ते. अन् रस्ता दाखवणाऱ्या त्या केंद्रात सगळ्यात पुढं, दाराजवळच्या स्टुलावर, कोणाले बसवलं? ज्याले एक अक्षर वाचता येत नाही त्याले. म्हणजे मले.

हे मी बोलून राहिलो अन् आमच्या गुढियारीतल्या गल्लीतले रिटायर मास्तर लिहून घेऊन राहिले. पहिल्याच ओळीले त्यांनी पेन थांबवला. म्हणले, हे खरंच लिहू का? म्हणलं लिहा. ज्या एका माणसापासून लपवायचं होतं त्याले कळून चुकलं, आता बाकीच्याईले कळून काय होते.

मी शाळेत गेलोच नाही असं नाही. दुसरीपर्यंत गेलो. बाप रेल्वेत गँगमन, वर्ध्याकडून इकडं रायपूरले आलेला. शाळा हिंदी, घर मराठी, पारा म्हणजे मोहल्ला छत्तीसगढी. मी तिन्ही भाषेत सारखाच ढ. गुरुजी फळ्यावर लिहायचे अन् मी मागं बसून पोराईले हसवायचो. हसवता हसवता दुसरी दोनदा झाली. मंग गुरुजीच घरी आले, म्हणले याले घरीच ठेवा, याच्यानं बाकीचे बिघडून राहिले. बापानं लगेच ऐकलं. त्याले वाटलं, पोट्टा जोकर आहे, कुठंही पोट भरन.

पोट भरलं, ते खरं. आधी पंडरीच्या कापड बाजारात गठ्ठे वाहिले. कमर गेली तवा एका ठेकेदारानं या केंद्रात चपराशी म्हणून चिटकवलं. त्यानं इचारलं, आठवी पास ना? मी म्हणलो, हव. ज्यानं इचारलं त्याले घाई होती अन् ज्यानं सांगतलं त्याले लाज नव्हती, तं काम होऊन गेलं.

लग्नाच्या वेळीही आठवीच सांगतली होती. बायको चौथी शिकलेली, तिच्या घरच्याईले वाटलं, जावई पोरीच्या दुप्पट शिकलेला आहे. लग्नाले महिना झाला नसन तं तिच्या भावाचं पत्र आलं. मी मोठ्या ऐटीत फोडलं, वरून खाली नजर फिरवली, म्हणलं सगळे मजेत आहेत, तुले आठवण करून राहिले. तिनं माह्या हातून घेतलं, वाचलं अन् भिंतीले टेकून रडायले लागली. तिची आजी गेली होती. तवापासून घरात येणारा सगळा कागद तीच वाचे. तिनं मले कधी टोमणा मारला नाही अन् कोणाले सांगतलंही नाही. इतकी चांगली बाई माह्या नशिबात आली नसती तं मी तवाच उघडा पडलो असतो अन् पुढचं सगळं वाचलं असतं.

एकुलती एक पोरगी. शाळेचा रिझल्ट घेऊन ती माह्यापुढं उभी राहे. मी कार्ड हातात घ्यायचो, भुवया वर करायचो, अन् दर वर्षी एकच बोलायचो, "गणितात अजून जोर लाव." एका वर्षी तिले गणितात सगळ्यात जास्त मार्क होते. ती पोट धरून हसली. तिले वाटलं बाबा मजाक करून राहिले. कागद समोर आला की चष्मा ऑफिसात राहिलेला, नाही तं काच फुटलेली, नाही तं "तूच वाच, पाहू उच्चार कसे आहेत." मी पोरीसमोर इतके वर्षं जोकरगिरी केली की तिले त्याच्या मागं काही असन असं वाटलंच नाही. लोक लपवाले दार लावतात, मी तमाशा लावला.

तीच उच्चाराची तऱ्हा मी ऑफिसात वापरायचो. माह्यं मुख्य काम म्हणजे बाहेरचा बोर्ड. बाबूजी, म्हणजे आमचे क्लर्क, कागद देत. मी मैद्याची लेई शिजवायचो, खराट्याच्या काडीनं लावायचो अन् कागद चिटकवायचो. मंग पहिला पोट्टा आला की त्याले बोर्डासमोर उभं करायचो. "वाच रे मोठ्यानं. इंटरव्ह्यूत काय मनातल्या मनात बोलशीन?" तो वाचे, मी मान हलवायचो, अन् सगळं पाठ करून घ्यायचो. दिवसभर मंग कोणी इचारलं तं फडाफडा सांगायचो. कोणाले काही शंका नाही. उलट एका-दोघानं नोकरी लागल्यावर पेढे आणून दिले, म्हणले काकानं आमची बोलायची भीती घालवली.

ज्या कागदावर गर्दी जमे त्याची मले चिंता नव्हती. लिस्ट लागली की पोट्टे माश्याईसारखे चिटकतात, धक्काबुक्की होते, कोणी फोटो काढते, कोणी रडते. म्हणून माह्या हिशोबानं गर्दी म्हणजे लिस्ट, अन् गर्दी नाही म्हणजे लिस्ट नाही. इतके वर्षं हे कधी चुकलं नाही.

एक डाव आमच्याकडं युरोपातून एक पाहुणी आली होती. तिकडं जर्मनीत तीही असंच केंद्र चालवते, म्हणून आमचं पाहाले आणली होती. आम्ही दोन दिवस झाडलं-पुसलं. समुपदेशकाची खोली म्हणून आमच्याकडं एक खोली आहे, दारावर पाटी आहे, फक्त समुपदेशक कधी आला नाही. त्यात माह्या बादल्या, खराटे अन् लेई शिजवायचं पातेलं असते. ते सगळं संडासामागं लपवलं अन् टेबलावर फूल ठेवलं.

मी चहा घेऊन आत उभा होतो. बाई सांगे अन् बाबूजी हिंदीत करून सांगत. तिचं केंद्र म्हणे बाजारातच आहे, काचेचं दार, आत सोफा. खर्च सरकार देते. कोणीही पोट्टा-पोट्टी रस्त्यावरून सरळ आत येते. कोणी आधार मागत नाही, कोणी बापाचं नाव इचारत नाही. त्याले खोली पाहिजे, काम पाहिजे, दुसऱ्या देशात वर्षभर जाऊन पाहायचं आहे, नाही तं नुसतं घरात भांडण झालं अन् मन लागत नाही, तरी बसून ऐकतात, अर्ज सोबत बसून लिहितात. अन् जो येत होता तो यायचा बंद झाला तं केंद्राचा माणूस त्याले हुडकायले गल्लीत जातो.

मले हसू आलं. मी बाबूजीले म्हणलं, त्याईले सांगा, आमच्या इथंही कोणी येणं बंद केलं तं आमच्या लगेच ध्यानात येते, चहा उरते. बाबूजीनं ते सांगतलं नाही.

मंग मॅडमनं, म्हणजे आमच्या अधिकारी बाईनं, मोठेपणा म्हणून मले इचारलं, तुम्हारा कोई सवाल? मी कशाले तोंड उघडलं काय माहीत. म्हणलं, ज्याले वाचता येत नाही असा कोणी आला तं? बाई म्हणली, त्याले आम्ही वाचून दाखवतो. अन् तिनं उलटं इचारलं, तुमच्याकडं हे कोण करते? बाबूजीनं माह्याकडं बोट दाखवलं. म्हणले हे करतात, रोज बोर्डापुढं पोराईकडून वाचवून घेतात. बाईनं उठून माहा हात हातात घेतला. सगळ्याईनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, एका हातात ट्रे होता तं मांडीवर वाजवल्या.

ती गेल्यावर मॅडमनं सोफा मागवला. तो मॅडमच्या खोलीत ठेवला.

मी हे सगळं घरी नकला करून सांगतलं. बायको हसली. पोरगी हसली नाही. तिनं नर्सचा कोर्स केला होता अन् शहराच्या दुसऱ्या टोकाले एका प्रायव्हेट नर्सिंग होममध्ये ड्यूटी करत होती. तिथं तिले नर्स म्हणून ठेवलं होतं अन् पोछा मारण्यापासून डॉक्टरच्या पोराले शाळेतून आणण्यापर्यंत सगळं करावं लागे. ती म्हणली, "सच में कोई सामने बैठ के पूछता है? कि तुमको क्या करना है?" आमची पोरगी मराठी समजते सगळी, बोलते हिंदीत, इकडच्या सगळ्या पोट्ट्याईसारखी. मी म्हणलो, हव, अन् सोफ्यावर बसवून इचारतात. ती म्हणली, "मुझसे तो आज तक किसी ने नहीं पूछा." मी तवाही तिले इचारलं नाही. मी म्हणलो, मी इचारतो, सांग काय करायचं आहे, भजे का खिचडी?

त्याच साली आमच्याच केंद्रातून जर्मनीचा फॉर्म निघाला. नर्स झालेल्या पोरीईले सरकार इथंच ती भाषा फुकट शिकवन, राहायची सोय करन, अन् पास झाल्या की तिकडच्या दवाखान्यात पाठवन. पोरीनं फॉर्म भरला. परीक्षा दिली. बाजारातून जर्मन शिकायचं एक पुस्तक आणलं अन् पोळ्या लाटता लाटता आरशासमोर तोंड वाकडं करून ते शब्द घोके. मी तिची नक्कल करायचो. ती लाटणं उगारे. आमच्या घरात इतकं हसू त्याच्या आधी नव्हतं अन् नंतरही नाही.

लिस्ट कशी कळन, तं बाबूजीनं सगळ्या पोरीईले सांगून ठेवलं होतं: बोर्डावर लागन. लागल्यापासून आठ दिवसात ओरिजिनल कागद घेऊन येऊन सही करायची. फोन येणार नाही, चिठ्ठी येणार नाही. कम्प्युटरवर पाहू म्हणशान तं तो उघडत नाही. बोर्डावर लागलं म्हणजे तुम्हाले कळलं, असा नियम.

पोरीले काय चिंता. तिचा बाप त्याच बोर्डाले लेई लावते.

रोज संध्याकाळी ती चप्पल काढता काढता इचारे, "बाबा, लगी क्या?" मी म्हणायचो, नाही लागली. अन् मी खोटं बोलत नव्हतो. गर्दी नव्हती.

दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी ऑफिस अर्धं रिकामं होतं. बाबूजीले सासुरवाडीले जायची गाडी पकडायची होती. त्यांनी सकाळी मले एक कागद दिला, नुसत्या काळ्या अक्षराचा, साधा. मी लावला. तवा बोर्डाजवळ एकच पोरगी होती, गावाकडून आलेली, खांद्याले बॅग. तिले वाचाले लावावं म्हणलं, तं आतून मॅडमनं चहासाठी घंटी मारली. मी आत गेलो. परत आलो तं पोरगी निघून गेली होती. म्हणलं जाऊ दे, दिवाळीनंतर कोणाकडूनही वाचून घेऊ.

दुपारी बाबूजीनं बॅग खांद्याले लावता लावता अजून एक गुंडाळी माह्या हातात कोंबली. मोठा रंगीत पोस्टर होता, हात जोडलेला पुढारी अन् चारी बाजूनं दिवे. बोर्ड भरलेला. मी पाहिलं, कुठं लावू. आता माहा एक कायदा होता, कोणी शिकवलेला नाही, माह्याच डोक्याचा. ज्यावर फोटो आहे ते महत्त्वाचं, ज्यावर नुसती अक्षरं आहेत ते कमी महत्त्वाचं. ज्याले वाचता येत नाही त्याले अक्षर अक्षर सारखंच दिसते, पण फोटो तं दिसते ना. मी सकाळच्या कागदावर पुढारी चिटकवला. लेई जरा जास्तच लावली, हवेनं उडू नये म्हणून. चारी कोपरे अंगठ्यानं दाबले.

त्या संध्याकाळी तिनं इचारलं, लगी क्या? मी म्हणलो, नाही. अन् सुट्टी संपल्यावरही रोज म्हणलो, नाही.

एक दिवस ती बॅगवाली पोरगी पेढे घेऊन आली. धमतरीकडची होती. माह्या पाया पडली. म्हणली, काका, मेरा हो गया, जर्मनी वाला. मी म्हणलो, कसं काय, लिस्ट तं लागायची आहे. ती सांगाले लागली, की तिचं नाव वेटिंगमध्ये पहिलं होतं, आशा नव्हती, पण काल शेवटचा दिवस होता तं येऊन बसून राहिली, अन् लिस्टमधल्या सहातली एक जण आलीच नाही.

मी एक पेढा तोंडात टाकला होता अन् दुसरा हातात होता. अन् मी काय बोललो ते मले आजही कानात ऐकू येते. मी म्हणलो, "अशी कोणती बावळट असन बाप्पा, जी असं दान सोडते. झोपून राहिली असन."

ती हसली. मी म्हणलो, पण लिस्ट कधी लागली? ती म्हणली, "काका, दिवाली के पहले. मैंने फोटो खींच के पहचान वाली लड़कियों को भेज दी थी. आप ही तो चिपका रहे थे."

मी बोर्डाकडं गेलो. पोस्टरचा कोपरा नखानं उचलला. लेई पक्की बसली होती, माह्या हातची. पोस्टर फाटत फाटत निघाला अन् त्याच्यासोबत खालच्या कागदाचाही एक पापुद्रा निघाला. मधल्या ओळी शाबूत होत्या. माह्या समोर काळ्या मुंग्याच्या रांगा. त्यातली माही पोरगी कोणती ते मले दिसेना.

मी त्या पोरीले म्हणलो, वाच बरं. मोठ्यानं वाच.

तिले वाटलं काका नेहमीसारखे उच्चार पाहून राहिले. ती सरळ उभी राहिली अन् वाचाले लागली. पहिलं नाव. दुसरं नाव. तिसरं नाव माह्या पोरीचं, पुढं माह्यं नाव, पुढं आमचं आडनाव. एकदम साफ वाचलं. वाचून तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं अन् म्हणली, "यही तो नहीं आई."

तिले माहीत नव्हतं. माह्यं नाव तिले कशाले माहीत असन, सगळे काका म्हणतात. मी म्हणलो, छान वाचते तू. तोंडातला पेढा तसाच होता.

मी बाबूजीकडं गेलो. बाबूजीनं रजिस्टर पाहिलं, कपाळाले हात लावला. म्हणले, अरे भैया, ये तो तुम्हारी बिटिया है, तुमने खुद लगाया और घर में नहीं बताया? मी त्यांच्या टेबलावरचा रिकामा कप उचलला. बाबूजीले वाटलं बापाले पोरीले परदेशी पाठवायचं नव्हतं. तशी त्यांनी माह्याकडं पाहिलं.

ते मले मॅडमकडं घेऊन गेले. मॅडम वाईट नाही. तिनं लगेच वर फोन लावला. फोनवरचा म्हणला, जागा वेटिंगवालीले गेली, आता कागद पुढं गेले. पण एक आहे. तुमच्या ऑफिसची चूक असन, लिस्ट लागलीच नसन, झाकल्या गेली असन, असं लिहून दिलं तं त्या पोरीचं प्रकरण उघडता येईन. मॅडमनं फोनवर हात ठेवला अन् मले इचारलं, "लिस्ट दिख रही थी ना? किसी ने ढकी तो नहीं थी?"

इथं मास्तरनं पुन्हा पेन थांबवला. मी म्हणलं, लिहा.

मले तवा एवढंच म्हणायचं होतं, की हव, झाकली होती, मी झाकली. मंग त्याईनं इचारलं असतं, काहून झाकली? मंग मले म्हणावं लागलं असतं, वाचता येत नाही म्हणून. आठवी पास खोटी. नोकरी तिथंच सुटली असती. पण मी खरं सांगतो, नोकरीची भीती नंतर आली. आधी मले दिसला तो आमच्या ऑफिसचा दरवाजा, त्यात उभे असलेले पोट्टे, ते म्हणतील, काकाले तं येतच नव्हतं, आपल्याले वाचाले लावून तो मजा पाहत होता. धमतरीच्या पोरीची दया आली म्हणून मी गप राहिलो असंही मी काही दिवस स्वतःले सांगून पाहिलं. ते खोटं आहे. तिचा मले इचारही आला नाही.

मी म्हणलो, "नाही मॅडम. लिस्ट दिसत होती."

मॅडमनं फोन ठेवला.

घरी गेलो तं पोरगी भाजी चिरत होती. तिनं इचारलं, लगी क्या? मी म्हणलो, लागली होती. तिचा हात थांबला. मी म्हणलो, तुह्यं नाव होतं. तिसरं. ती उठलीच, इळी तशीच ठेवून, अन् बाजूले बसलेल्या माईले मिठी मारली. मी म्हणलो, थांब, तारीख काल गेली.

तिले कळेना. मी दोन-तीनदा सांगतलं, गर्दीचं, पोस्टरचं, लेईचं. ती माह्या तोंडाकडं पाहत राहिली, जसं नेहमी शेवटी हसायची जागा येते तशी ती येईन म्हणून थांबलेली.

मी म्हणलो, "मले वाचता येत नाही."

"बाबा, अभी मजाक मत करो."

"मजाक नाही करून राहिलो."

तिनं माईकडं पाहिलं. बायकोनं मान खाली घातली अन् चिरलेली भाजी हातानं एका बाजूले सारत राहिली. तवा तिले खरं वाटलं. आयुष्यात एकदाच खरं बोललो अन् तेही बायकोच्या मानेनं साक्ष दिली तवा पटलं.

मंग तिनं हळू इचारलं, "फिर रोज क्या देख के बोलते थे, नहीं लगी?"

मी पुन्हा तेच म्हणलो, गर्दी पाहून.

तिनं तोंड धुतलं. येऊन माह्यापुढं बसली. रागावली नव्हती, तेच वाईट. तिनं उलट माह्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणली, "ठीक है. हो गया. कल मैं मैडम से मिलती हूँ. बोलूँगी लिस्ट ढक गई थी, गलती से. आप मत आना, आपका नाम नहीं लूँगी."

मी तिले तितक्यावर राहू द्यायले पाहिजे होतं. पण ती उद्या जाईन अन् तोंडघशी पडन, म्हणून सांगणं भाग होतं. मी म्हणलो, "मॅडमनं मले इचारलं होतं. मी म्हणलो, लिस्ट दिसत होती."

तिनं हात काढून घेतला. झटकून नाही, हळूच काढला, जशी झोपलेल्या पेशंटच्या अंगावरून नर्स काढते.

बायको पहिल्यांदा माह्यावर ओरडली त्या दिवशी. इतके वर्षं झाकलं, म्हणली, ते यासाठी झाकलं का? पोरीनंच तिले गप केलं. म्हणली, "अब मैं जाऊँगी तो बाबा झूठे पड़ेंगे. नौकरी चली जाएगी." अन् ड्यूटीची वेळ झाली होती, तं साडी बदलून गेली. ती मॅडमकडं गेली नाही. मी रोज वाट पाहिली की ती येईन, दारातून सरळ आत जाईन अन् मले उघडं पाडन. मी स्टुलावरून उठून तिले रस्ता दिला असता. असं मी आता म्हणतो. तवा ती आली असती तं काय केलं असतं, सांगता येत नाही.

माही नोकरी राहिली. बाबूजीनं काही ओळखलं असन तं बोलले नाहीत. फक्त कागद देताना आता तोंडानं सांगतात, ये फलाना है, ऊपर लगाना. पोट्टे येतात, काका, काय निघालं? मी सांगतो. वाच रे मोठ्यानं, आता म्हणत नाही. नुसता बाजूले उभा राहतो, ते आपसात बोलतात ते ऐकतो.

धमतरीची पोरगी गेली तिकडं. जाण्याआधी पुन्हा पाया पडाले आली होती. मी तिले आशीर्वाद दिला, अन् मनात कडू आलं, अन् त्या कडूचीही मले लाज वाटली. तिनं काय केलं बिचारीनं. ती बसून राहिली होती.

घरी पोरगी माह्याशी बोलते. चहा देते, दवाई देते, बीपी मोजून देते. पण मी काही सांगाले लागलो, ऑफिसातली काही गंमत, तं ती पूर्ण ऐकून घेते अन् मंग हो म्हणते. हसत नाही. मी जोकर माणूस, माह्यं दुसरं काही नाही, अन् माह्याच घरात माह्या मजाकीवर कोणी भरोसा ठेवत नाही आता. कशावर ठेवन? तिले प्रत्येक जागी वाटत असन, इथं बाबा काय लपवून राहिले.

पुढच्या साली तोच फॉर्म पुन्हा निघाला. बाबूजीनं नाव सांगताच मी कागद बोर्डावर लावलाच नाही, खिशात घातला अन् सायकल दामटत भर दुपारी घरी गेलो. ती ड्यूटीवर निघाच्या तयारीत होती. मी म्हणलो, हे घे, आजच निघालं, सगळ्यात आधी तुह्या हातात.

तिनं कागद घेतला. उभ्या उभ्या पाहिला. मंग खाटेवर बसली, मले बाजूले बसवलं, अन् मोठ्यानं वाचाले लागली. पुरा. वय किती, कोर्स कोणता, कागद कोणते, एकेक ओळ बोटानं दाखवत, हळूहळू, अवघड शब्द आला की थांबून त्याचा अर्थ सांगत. शेवटची तारीख तिनं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मराठीत वाचली.

मंग कागदाची घडी केली, माह्या शर्टाच्या खिशात ठेवली, वरून हात फिरवला. म्हणली, "लगा देना. किसी के काम आएगा."

मी म्हणलो, अन् तू?

"मेरा मन नहीं है, बाबा."

मी म्हणलो, तुले काय करायचं आहे मंग? पहिल्यांदा इचारलं. बिना मजाकीचं इचारलं. तिनं थोडा इचार केला, खरंच केला, मी पाहत होतो. मंग म्हणली की तिले माहीत नाही, अन् बस निघून जाईन.

कागद मी बोर्डाच्या मधोमध लावला. महिनाभर त्याच्या आजूबाजूले दुसरं काही चिटकवू दिलं नाही. पोट्ट्या आल्या, वाचून गेल्या, फॉर्म भरले. ती तारीख मले पाठ होती. तो दिवस आला तवा मी स्टुलावर बसलो होतो, संध्याकाळी फॉर्म घ्यायची खिडकी बंद होईपर्यंत दाराकडं पाहत. मंग बाबूजीनं सांगतलं, निकाल दो इसको अब. मी पाणी लावून कागद काढला.